रेम्ब्रांटची कॉपी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा मानमंदिर महाल बाहेरून बघितला तर उत्सवासारखा दिसतो. निळ्या-पिवळ्या टाइल्स, त्यांत बदकांच्या रांगा, केळीची झाडं. पण आत जाऊन अरुंद जिना उतरलं की उजेड एकदम संपतो. राजा मानसिंह तोमरने खालच्या खोल्या उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी बांधल्या होत्या. पुढे मोगलांनी त्यांचा तुरुंग केला. गेल्या सुट्टीत मी तिथे उभी होते तेव्हा गाइडकाकांनी टॉर्च छतावर मारून लोखंडी कड्या दाखवल्या. राजाच्या काळात इथे झोके होते आणि नंतर कैदी आले, असं सांगून त्यांनी दोन नावं घेतली. एक औरंगजेबाचा धाकटा भाऊ मुराद, दुसरा दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह. दोघांचा शेवट याच किल्ल्यावर झाला.

घरी आल्यावर दारा शुकोहबद्दल वाचताना एक रेखाचित्र समोर आलं. बारीक तपकिरी रेषांत शाहजहान आणि त्याचा मुलगा दारा. पगडी, जामा, कमरेचा पटका, सगळं मोगल लघुचित्रात असतं तसं. खाली चित्रकाराचं नाव मात्र होतं रेम्ब्रांट. मला आधी ती चूक वाटली. हा माणूस तर ॲम्स्टरडॅमचा, आणि हिंदुस्थानात कधी आलेलाच नाही. पण चूक नव्हती. ती एक कॉपी होती. जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रकारांपैकी एकाने, पन्नाशीच्या घरात असताना, आपल्याकडच्या चित्रकाराच्या चित्रावरून शिकाऊ मुलासारखी बसून केलेली कॉपी. त्या वयात त्याला याची काय गरज पडली, हे कळण्यासाठी त्याचं आयुष्य वाचावं लागलं. तेच इथे सांगते.

रेम्ब्रांट हार्मेन्सझोन व्हान राइनचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी हॉलंडमधल्या लायडन गावी झाला. वडील पवनचक्कीवर धान्य दळण्याचा व्यवसाय करायचे, आई बेकरीवाल्याची मुलगी. घरात बरीच भावंडं. हा मुलगा शिकेल असं वाटून त्याला लॅटिन शाळेत घातलं आणि १६२० मध्ये विद्यापीठातही नाव नोंदवलं. पण त्याचं मन चित्रांत होतं. आईवडिलांनी हट्ट धरला नाही. त्याला याकोब व्हान स्वानेनबर्ग या चित्रकाराकडे तीन वर्षं शिकायला ठेवलं आणि नंतर सहा महिने ॲम्स्टरडॅमला पीटर लास्टमन यांच्याकडे पाठवलं.

आपल्याकडे कॉपी म्हटलं की परीक्षेतल्या चिठ्ठ्या आठवतात. त्या काळच्या चित्रशाळेत मात्र शिक्षणाची सुरुवातच कॉपीने व्हायची. आधी छापील चित्रांवरून हात बसवायचा, मग गुरूच्या चित्रांवरून, मग पुतळ्यांवरून आणि सगळ्यात शेवटी जिवंत माणसावरून. रेम्ब्रांटही असाच शिकला. वेगळेपण एवढंच की शिक्षण संपल्यावरही त्याने ही सवय सोडली नाही. स्वतःची चित्रशाळा सुरू झाल्यानंतरही तो लास्टमन यांच्या चित्रांवरून लाल खडूने रेखाटनं करत होता. लिओनार्दो दा विंचीच्या शेवटच्या भोजनाचं चित्र त्याने मूळ कधीच पाहिलं नव्हतं. त्यावरून केलेला ठसा हाती आला, तर त्यावरूनही त्याने रेखाटनं केली.

लायडनला परतल्यावर त्याने यान लीव्हन्स या मित्राबरोबर काम सुरू केलं. सरदार घराण्यांच्या वर्तुळात वावरणाऱ्या कॉन्स्टंटाइन हॉयखन्स या रसिकाने या दोन पोरांना हेरलं. त्याची एकच तक्रार होती. हे दोघे इटलीला जाऊन मोठ्या गुरूंची चित्रं का पाहत नाहीत? पोरांचं उत्तर असं की आम्हाला वेळ नाही, आणि उत्तम इटालियन चित्रं तर हॉलंडमध्येच बघायला मिळतात. रेम्ब्रांट आयुष्यात खरोखरच कधी इटलीला गेला नाही. जग त्याच्याकडे कागदावरून आलं.

१६३१ च्या सुमारास तो ॲम्स्टरडॅमला गेला. त्या वेळी हे शहर जगातल्या श्रीमंत बंदरांपैकी एक होतं. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथून सुरतेला, जावाला, जपानला जात. आपल्या कोकणातही वेंगुर्ल्याला डचांनी १६३७ च्या सुमारास वखार घातली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. मिरी, मसाले, रेशीम आणि कापडाबरोबर शिंपले, शस्त्रं, भांडी आणि चित्रंही ॲम्स्टरडॅमच्या बाजारात उतरायची.

१६३२ मध्ये त्याने डॉक्टर टुल्प यांच्या शरीररचनेच्या धड्याचं समूहचित्र काढलं आणि पंचविशीतच तो शहरातला मागणी असलेला व्यक्तिचित्रकार झाला. १६३४ मध्ये सास्कियाशी लग्न झालं. ती चांगल्या घरातली होती, पैसाही होता. १६३९ मध्ये दोघांनी तेरा हजार गिल्डरला मोठं घर घेतलं, बहुतेक रक्कम उधारीवर. हात सढळ होता. लिलाव दिसला की तो आत शिरायचा आणि चित्रं, ठसे, जुनी शिरस्त्राणं, परदेशी कपडे असं काय काय विकत घ्यायचा.

त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या एका लिलावात राफाएलने काढलेलं काउंट कास्तिल्योनेचं व्यक्तिचित्र आलं. बोली साडेतीन हजार गिल्डरपर्यंत गेली, म्हणजे रेम्ब्रांटच्या घराच्या किमतीच्या पावपट. चित्र दुसऱ्याने घेतलं. रेम्ब्रांटने काय केलं, तर पेन काढून पटकन त्याचं रेखाटन केलं आणि बाजूला किंमतही लिहून ठेवली. तो कागद आज व्हिएन्नात आहे. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचं चित्र काढलं. कठड्यावर टेकलेला हात, वळलेली मान, टोपीचा कोन या सगळ्यांत राफाएल आणि तिशियन दोघेही दिसतात. पण डोळे त्याचेच आहेत. विकत घेता आलं नाही ते त्याने हाताने घेतलं, असं मला हे चित्र बघताना वाटतं.

घरात मात्र दुःख मुक्कामाला आलं होतं. पहिली तिन्ही मुलं तान्हेपणीच गेली. १६४१ मध्ये टायटस जन्मला आणि तो जगला. पण पुढच्याच वर्षी, जून १६४२ मध्ये, सास्किया वारली. त्याच वर्षी त्याने ‘नाइट वॉच’ हे भलंमोठं चित्र पूर्ण केलं. ते लोकांना आवडलं नाही म्हणून रेम्ब्रांट रस्त्यावर आला, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी नाही. चित्राचे पैसे मिळाले, नावही टिकलं. घसरण हळूहळू झाली, आणि तिच्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता.

टायटसला सांभाळायला गेर्ट्ये डिर्क्स नावाची विधवा बाई घरात आली. तिचे आणि रेम्ब्रांटचे संबंध जुळले. सास्कियाचे दागिने त्याने तिला दिले. काही वर्षांनी घरात हेंड्रिक्ये स्टॉफेल्स ही तरुणी कामाला आली आणि गेर्ट्ये नकोशी झाली. लग्नाचं वचन मोडलं म्हणून ती १६४९ मध्ये कोर्टात गेली. कोर्टाने रेम्ब्रांटला तिला वर्षाला दोनशे गिल्डर द्यायला सांगितलं. यानंतर जे झालं ते वाचायला बरं वाटत नाही. दागिने गहाण टाकल्याचं निमित्त झालं, रेम्ब्रांटने तिच्या घरच्यांना हाताशी धरलं आणि तिला हौडा गावच्या सुधारगृहात डांबलं. ती पाच वर्षं आत होती. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती मायेने रंगवणाऱ्या माणसाने हे केलं. त्याची चित्रं आवडतात म्हणून हे पान उलटून पुढे जाणं मला जमलं नाही.

हेंड्रिक्येशीही त्याने लग्न केलं नाही. सास्कियाच्या मृत्युपत्रात अट होती की पुन्हा लग्न केलं तर तिच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल. १६५४ मध्ये हेंड्रिक्ये गरोदर असताना चर्चच्या मंडळाने तिला बोलावून घेतलं, लग्नाशिवाय राहते म्हणून दोषी ठरवलं आणि प्रभुभोजनाला यायची बंदी केली. शिक्षा झाली ती तिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची मुलगी कॉर्नेलिया जन्मली.

इकडे घराचे पैसे थकलेलेच होते. १६५३ मध्ये व्याजासकट आठ हजार गिल्डरहून जास्त रक्कम मागायला आले. एकाकडून घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे, असं सुरू झालं. घर वाचवायला त्याने ते टायटसच्या नावावरही करून बघितलं. शेवटी जुलै १६५६ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारकून घरात आले आणि खोलीखोलीतून फिरत एकेका वस्तूची यादी करू लागले. ३६३ नोंदी झाल्या. त्यांतली एक नोंद आपल्या कामाची आहे. ती वेगळ्याच धाटणीच्या लघुचित्रांच्या एका वहीची आहे. तिच्यात मोगल चित्रं होती, असं अभ्यासक मानतात.

१६५६ ते १६६१ या वर्षांत, म्हणजे घरदार जात असताना, रेम्ब्रांटने मोगल चित्रांवरून रेखाटनं केली. त्यांतली तेवीस आज माहीत आहेत. लंडनच्या १७४७ च्या एका लिलावात पंचवीस रेखाटनांचा संच विकला गेल्याची नोंद आहे. शाहजहान, जहांगीर, दारा, घोडेस्वार, दरबारी, अशी ही माणसं आहेत. एरवी रेम्ब्रांटची रेषा घाईची, जाड, झटक्यात मारलेली असते. इथे ती एकदम शांत होते. बारीक निबाने तो पगडीचे वेढे, पटक्याचं टोक, कट्यारीची मूठ टिपतो. कागदही त्याने साधा घेतला नाही, गुळगुळीत आशियाई कागद वापरला. मोगल चित्रात सावली फारशी नसते. रेम्ब्रांट हलका शाईचा हात फिरवून सावली आणतो आणि ती माणसं जमिनीवर उभी राहतात. बाकी तो स्वतःचं घुसडत नाही. समोरचा चित्रकार काय बघत होता, ते बघण्याचा प्रयत्न करतो.

पण मुळात मोगल चित्रकार तरी कोणाकडून शिकत होते? इथे गोष्ट पुन्हा ग्वाल्हेरकडे वळते. १५७९ च्या शेवटी गोव्याहून तीन येशूसंघीय धर्मगुरू अकबराच्या आमंत्रणावरून निघाले. त्यांचे प्रमुख होते फादर रुदोल्फो अक्वाविवा, जे पुढे १५८३ मध्ये गोव्यातल्या कुंकळ्ळीला मारले गेले आणि ज्यांना चर्चने धन्य म्हणून गौरवलं. सुरत, मांडू, उज्जैन, नरवर असं करत त्यांचा रस्ता ग्वाल्हेरवरून फत्तेपूर सिक्रीला गेला. त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं. त्यात कोरीव ठशांची चित्रं होती. दरबारातले चित्रकार अशा चित्रांवर तुटून पडले. १६०० च्या सुमारास अबुल हसन या तेरा वर्षांच्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूररच्या ठशावरून संत योहानाचं चित्र काढलं. ती कॉपी आज ऑक्सफर्डला आहे. हाच मुलगा पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार झाला. बादशहाच्या डोक्यामागचं तेजोवलयही मोगल चित्रकारांनी युरोपियन चित्रांतून उचललं.

म्हणजे युरोपची ख्रिस्ती चित्रं इथे आली आणि आपल्या चित्रकारांनी त्यांच्या कॉप्या केल्या. त्यांची चित्रं डच जहाजांतून तिकडे गेली आणि रेम्ब्रांटने त्यांच्या कॉप्या केल्या. यात मूळ कोण आणि नक्कल कोण, हे ठरवायला बसलं तर डोकं फिरेल.

या वहीतून रेम्ब्रांटला काय मिळालं, त्याचा एक पुरावा आपल्या ओळखीचा आहे. एका लघुचित्रात चार वृद्ध फकीर झाडाखाली बसले आहेत, समोर खाण्यापिण्याची भांडी आहेत. त्यावरून केलेलं रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १६५६ मध्ये, दिवाळखोरीच्याच वर्षी, त्याने एक एचिंग केलं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खाऊ देऊन काढलेला ठसा. विषय होता उत्पत्तीच्या पुस्तकातला अब्राहाम आणि त्याच्या दाराशी आलेले तीन पाहुणे. इटालियन चित्रांत हे पाहुणे देखणे, तरुण देवदूत असतात. रेम्ब्रांटने मात्र त्यांना त्या फकिरांसारखं जमिनीवर बसवलं, आणि मधल्याला लांब पांढरी दाढी दिली. अब्राहाम वाकून सुरई घेऊन वाढतोय. सारा दारातून ऐकतेय. बाजूला इश्माएल धनुष्य घेऊन पाठमोरा उभा आहे, ज्याला लवकरच या घरातून घालवलं जाणार आहे. स्वतःच्या घराची जप्ती चालू असताना हा माणूस आतिथ्याचं चित्र काढत होता, आणि देव कसा दिसत असेल हे त्याने हिंदुस्थानी फकिरांकडून घेतलं. मी ही कथा रविवारच्या मिस्सेत किती वेळा ऐकली असेल. पण पाहुणे जमिनीवर बसले असतील, असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

१६५८ मध्ये रेम्ब्रांटचं घर ११,२१८ गिल्डरला विकलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये शाहजहानला त्याच्याच मुलाने आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं. रेम्ब्रांटच्या कागदावर बाप आणि लाडका मुलगा एकत्र आहेत. इकडे ऑगस्ट १६५९ मध्ये दाराची दिल्लीत हत्या झाली. मुरादला ग्वाल्हेरला आणलं आणि डिसेंबर १६६१ मध्ये इथेच मारलं. सुलेमान शुकोहची हकिगत बर्निए या फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवली आहे. ग्वाल्हेरच्या कैद्यांना रोज सकाळी पोस्त, म्हणजे अफूची बोंडं रात्रभर भिजवलेलं पाणी, प्यायला लावत. ते प्यायल्याशिवाय जेवण नाही. त्याने माणूस हळूहळू खंगून, भ्रमिष्ट होऊन संपतो. पोस्त देणार असाल तर आत्ताच मारा, अशी विनवणी या राजपुत्राने औरंगजेबाला केली होती. पोस्त देणार नाही, असा शब्द मिळाला. पण १६६२ मध्ये त्याचा मृत्यू या किल्ल्यावरच झाला. रेम्ब्रांटला यातलं काही कळलं असेल असं नाही. त्याच्यासमोर होती फक्त चित्रं, आणि त्यातल्या चेहऱ्यांकडे नीट बघायची सवय.

घर गेल्यावर कुटुंब रोझेनग्राख्त या साध्या वस्तीत भाड्याने राहायला गेलं. देणेकऱ्यांपासून वाचवण्यासाठी हेंड्रिक्ये आणि टायटसने १६६० मध्ये कंपनी काढली आणि रेम्ब्रांट तिचा नोकर झाला. नगरभवनासाठी काढलेलं त्याचं मोठं चित्र परत आलं. १६६१ मध्ये त्याने स्वतःला संत पौलाच्या रूपात रंगवलं. हातात पत्रांचे कागद, अंगरख्यातून डोकावणारी तलवारीची मूठ, भुवया उंचावलेल्या. पौल हा ज्यांच्या हातून आधी अन्याय घडला होता अशांपैकी एक, हे बायबल वाचणाऱ्या रेम्ब्रांटला ठाऊक होतंच. त्याच्या मनात गेर्ट्ये होती की नाही, ते चित्र सांगत नाही.

१६६३ मध्ये हेंड्रिक्ये गेली. १६६८ मध्ये टायटसचं लग्न झालं आणि त्याच वर्षी तोही गेला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रांट वारला. वेस्टरकेर्क चर्चमध्ये भाड्याच्या कबरीत त्याला पुरलं. वर नावाचा दगड नव्हता.

ज्याने आयुष्यभर कॉप्या केल्या त्याच्याही कॉप्या झाल्या. त्याचे विद्यार्थी त्याची चित्रं, अगदी त्याची स्वचित्रंसुद्धा, सरावासाठी उतरवून काढत आणि ती विकलीही जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या नावावर सहाशेहून जास्त तैलचित्रं होती. १९६८ मध्ये हॉलंडमधल्या अभ्यासकांनी एकेक चित्र तपासायला घेतलं आणि आकडा जवळपास निम्म्यावर आला. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात तरुण रेम्ब्रांटचं, गळ्याशी लोखंडी पट्टा असलेलं एक चित्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेच मूळ समजलं जायचं आणि जर्मनीत न्यूरेंबर्गला असलेलं दुसरं चित्र त्याची कॉपी. १९९० च्या दशकात अवरक्त किरणांनी तपासणी झाली. हेगच्या चित्रात रंगाखाली जपून काढलेलं रेखाटन सापडलं. रेम्ब्रांट असं करत नसे. समोरचं चित्र उतरवणारा माणूस करतो. मग उलट झालं. न्यूरेंबर्गचं मूळ ठरलं आणि हेगचं कॉपी.

हे वाचून मला आधी हसू आलं, मग त्या अनामिक कॉपी करणाऱ्याबद्दल आदर वाटला. इतकी वर्षं भल्याभल्यांना फसवेल इतकं नीट त्याने आपल्या गुरूकडे पाहिलं होतं. आपण साहित्याची मुलं स्वतःचा आवाज शोधण्याच्या फार घाईत असतो. दुसऱ्याचं लिखाण हाताने वहीत उतरवून काढायला आपल्याला कमीपणा वाटतो, आणि कॉपी करायचीच असेल तर दोन बटणं दाबून करतो, ज्यात बघावं काहीच लागत नाही. रेम्ब्रांटची कॉपी याच्या नेमकी उलट होती. पन्नाशीत, सगळं हातचं जात असताना, त्याला अजून शिकायचं होतं, तेही ज्याचं नाव त्याला माहीत नव्हतं अशा दूरच्या चित्रकाराकडून.

ग्वाल्हेरच्या त्या तळघरात पुन्हा गेले तर सोबत दाराच्या त्या रेखाटनाची एक प्रिंट नेणार आहे. गाइडकाकांना दाखवायची आहे. ज्यांची गोष्ट ते रोज सांगतात, त्यातल्या एकाच्या बापाचा चेहरा तेव्हा ॲम्स्टरडॅममध्ये एक कर्जात बुडालेला म्हातारा दिव्याजवळ धरून निरखत होता, हे त्यांना सांगायचं आहे.